माघातले धुमारे

पुण्यात जानेवारीच्या अखेरीस कढीपत्त्याचे झाड बघवत नाही. पाने पिवळी पडतात, काड्या उघड्या होतात, उरलेल्या पानांवर काळपट ठिपके येतात. नवखा बागवाला घाबरतो. खत घालतो, औषध फवारतो, पानांची पिशवी घेऊन रोपवाटिकेत जातो. जुना बागवाला काहीच करत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन झाडापाशी उभा राहतो आणि काड्यांच्या टोकांकडे बघतो. फेब्रुवारी लागला की एखाद्या सकाळी त्या टोकांवर पोपटी, तुकतुकीत ठिपके दिसतात. मग दोन-तीन आठवड्यांत झाड असे भरते की फोडणीसाठी ओरबाडलेले कळतही नाही.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. घराच्या आवारातला वसंत मात्र माघातच सुरू होतो, आणि ज्याच्या घरी चार झाडे आहेत त्याला तो सगळ्यांच्या आधी कळतो. गेल्या माघ-फाल्गुनात पुणे, रत्नागिरी आणि नागपूर इथल्या काही घरबागा हिंडून पाहिल्या. कुठे बंगल्याचे आवार, कुठे कौलारू घरामागचे परसू, कुठे तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. प्रत्येक ठिकाणी बागेचा मालक किंवा मालकीण मला पहिल्यांदा जिथे घेऊन गेली, तिथे काही ना काही नुकते फुटलेले होते. भरगच्च फुललेला गुलाबाचा वाफा शेजारी असायचा, पण त्याकडे नंतर. आधी नखाएवढा कोंब.

थंड प्रदेशांत वसंत येतो तेव्हा गोठलेली माती सैल होते आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी मुळांना मिळते. आपल्याकडे उलटे आहे. पुण्याचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते ऑक्टोबरमध्ये पडून जातो. जानेवारी ते मार्च आभाळ कोरडे असते, आणि नेमक्या त्याच काळात कडुलिंब, पिंपळ, करंज पाने टाकतात आणि पुढच्या काही आठवड्यांत नवी लेवून उभे राहतात. जुनी पाने टाकली की बाष्पावाटे जाणारे पाणी वाचते. खोडात साठलेल्या आणि खोल मुळांनी ओढलेल्या त्या पाण्यावर नवी पालवी निघते. दिवस लांबत चालल्याची खूण झाडांना मिळते आणि पावसाची वाट न बघता ती कामाला लागतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडेल तेव्हा पाने पूर्ण वाढून तयार असतात. म्हणून आपल्या अंगणात पानगळ आणि पालवी एकाच आठवड्यात दिसतात: सकाळी खराट्याने गोळा केलेला पाचोळा, आणि मान वर केली की तांबूस, झिरझिरीत पिंपळपान. तो तांबूस रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. हरितद्रव्य पुरेसे भरेपर्यंत कोवळ्या पानाला कडक उन्हापासून त्याचा आधार होतो, असे वनस्पतिशास्त्र सांगते.

पाचोळ्याचे सांगायलाच हवे. अनेक सोसायट्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचोळा पेटवला जातो किंवा काळ्या पिशव्यांत भरून कचरागाडीत जातो. मला याचा मनापासून राग येतो. ज्या महिन्यांत झाड सर्वांत कमी पाण्यावर सर्वांत जास्त काम करत असते, त्याच महिन्यांत त्याच्या बुंध्याशी नैसर्गिक आच्छादन पडत असते, आणि ते आपण उचलून नेतो. आळ्यात वीतभर पाचोळा पसरला तर ओल टिकते, पाणी कमी लागते, आणि पावसाळ्यात त्याचेच खत होते. मी पाहिलेल्या चांगल्या बागांपैकी एकाही बागेतून पाचोळा बाहेर जात नव्हता.

रत्नागिरीजवळच्या एका घरात परसात हापूसची मोजकी झाडे आहेत. विकण्यासाठी नव्हेत, घरचे, मुंबईची पाहुणे मंडळी आणि लेकीबाळी यांच्यापुरती. घरातले काका सत्तरी ओलांडलेले. मोहोर फुटला का म्हणून विचारले तर त्यांनी फांदीकडे बोट न दाखवता तळहात पुढे केला. त्यावर मोहोराची गळलेली फुले होती. “ही बहुतेक सगळी नरफुलं, ताई. गळणारच. त्याचं दुःख नाही करायचं.” आंब्याच्या एका तुऱ्यात हजारापासून काही हजारांपर्यंत फुले असतात. त्यांतली बरीचशी नर, थोडी उभयलिंगी, आणि फळ धरते ते या थोड्यांतच. त्यातूनही शेवटी झाडावर पिकण्याजोगा आंबा होतो तो शंभर फुलांमागे एकही नाही, इतक्या कमी प्रमाणात. कोकणात म्हणूनच फळाची चर्चा टप्प्याटप्प्याने होते. कणी दिसली, वाटाण्याएवढी झाली, बोराएवढी झाली, सुपारीएवढी झाली. “सुपारी होईस्तोवर आंबा म्हणायचं नाही,” असे काका म्हणाले, आणि त्यांच्या पत्नीने ओसरीवरून होकार भरला.

मोहोर येण्याची तयारी फार आधी सुरू झालेली असते. ज्या फांदीवर तुरा यायचा, तिची पाने काही महिने जून झालेली लागतात. मग रात्री थंड व्हाव्या लागतात. तापमान 15 ते 18 अंशांपर्यंत उतरून काही दिवस तिथे टिकले की डोळे फुगतात. पाऊस लांबला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरी आल्या, की झाडाला पुन्हा लाल पालवी फुटते. दिसायला ती सुंदर असते, पण बागायतदाराचा चेहरा पडतो, कारण ती जून होईपर्यंत मोहोर पुढे ढकलला जातो. मोहोर आल्यावर ढगाळ हवा आली तर तुडतुडे आणि भुरी. घरच्या झाडासाठी काकांचा नियम साधा आहे: फुले उमललेली असताना कीटकनाशक मारायचे नाही. आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्या करतात, फुलांवर घोंघावणाऱ्या साध्या माश्या. त्या मेल्या तर तुरे नुसतेच शोभेचे. मोहोराच्या दिवसांत परसात माश्या वाढल्या म्हणून कुरकुर करणाऱ्या घरच्या सुनेला त्यांनी हेच सांगितले आहे. आता त्या सुनेची मुले मोहोराखाली उभी राहून माश्यांचे प्रकार मोजतात.

नागपुरात वसंत आणावा लागतो, निदान लिंबू-संत्र्याच्या बाबतीत. विदर्भातल्या लोकांना हे शिकवावे लागत नाही. घरामागे एक लिंबाचे झाड असलेल्या बाईलाही आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे शब्द तोंडपाठ असतात. आंबे बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याच्या मोहोराबरोबर येणारा. तो हवा असेल तर डिसेंबरमध्ये झाडाचे पाणी तोडायचे. त्याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभराच्या ताणाने काम होते, काळ्या भारी जमिनीत त्याहून बरेच दिवस लागतात. पाने मलूल होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते, आणि फांद्यांत अन्नसाठा जमतो. मग जानेवारीच्या मध्याला आळे हलके चाळून, शेणखत घालून पहिले पाणी हलके आणि पुढचे भरपूर द्यायचे. थोड्याच आठवड्यांत पांढऱ्या-जांभळट कळ्यांनी झाड भरते आणि सगळ्या आवारात वास सुटतो.

तिथल्या एका आजींनी मला ताणाचे झाड दाखवले तेव्हा मला ते वाळत चालले आहे असेच वाटले. “झाडाले थोडं तहानेलं ठेवा लागते,” त्या म्हणाल्या. “सारखं पाणी देसान तर नुसता पालाच येते.” कुंडीतल्या झाडाला किंवा तीन-चार वर्षांच्या रोपाला असा ताण द्यायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावले. कुंडीतली माती काही दिवसांत कोरडीठाक होते, आणि मुळे मेली तर बहार कुठून येणार? हा भेद पुस्तकी माहिती वाचून बाग करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, आणि दर हिवाळ्यात कित्येक चांगली रोपे त्यापायी जातात.

लिंबाला कोवळी पाने आली की अळ्या येतात. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळ्या-पांढऱ्या, पुढे हिरव्यागार. लिंबू आणि कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडे, आणि या कुळावर वाढणारी फुलपाखरे त्यांच्या कोवळ्या फुटीचीच वाट बघत असतात. राणी पाकोळी, जिला 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवले, तिच्याही अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. मोठ्या झाडाचे चार पानांनी काही बिघडत नाही. रोप लहान असेल तर अळी उचलून शेजारच्या जुन्या झाडावर ठेवावी. मी भेटलेल्या बहुतेक घरांत हेच करतात, आणि कोष फुटायच्या दिवशी शाळेला उशीर झाला तरी चालतो.

पुण्यात सातारा रस्त्याकडच्या एका जुन्या बंगल्यात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांच्या आवारात शेवगा आहे, सोनचाफा आहे, भिंतीकडेने मोगऱ्याची रांग आहे. शेवगा त्यांना कापायला अनेकांनी सांगितले: ठिसूळ झाड, वाऱ्यात मोडते, केसाळ अळ्या येतात. त्यांनी कापला नाही. फेब्रुवारीत त्याला पांढरट-पिवळ्या फुलांचे घोस येतात आणि पहाटेपासून शिंजीर हजर होतात. जांभळ्या शिंजिराचा नर हिवाळ्यात मादीसारखा मळकट असतो. माघात त्याचा रंग बदलतो, चमकदार निळा-जांभळा होतो, आणि तो शेवग्याच्या शेंड्यावर बसून चिवचिव करत सुटतो. त्यांच्या व्हरांड्यातल्या मधुमालतीच्या लोंबत्या काडीवर शिंजिराचे घरटे होते. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, कापूस, कागदाचे कपटे यांची लांबोळकी पिशवी. कडेला भोक आणि त्यावर छोटीशी वळचण. मादी एकटीच अंडी उबवते. बाईंनी त्या दिवसांत व्हरांड्यातला दिवा लावणे बंद केले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मागच्या दाराने घेत होत्या.

त्याच शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तांबटाने भोक पाडले आहे. टुक-टुक-टुक हा त्याचा आवाज जानेवारीच्या शेवटापासून दिवसभर चालतो. शहरातल्या आवाजांत तो ऐकू येतो, पण झाडावर पक्षी सापडत नाही. दयाळ पहाटे गाऊ लागतो. मग कोकिळ. बाईंच्या हिशेबात कोकिळ म्हणजे वसंताची सुरुवात नव्हे, मध्य. सुरुवात तांबटापासून.

मोगऱ्याची तयारी त्या जानेवारीत करतात. पाणी कमी करून रोप थोडे सुकू देतात, काड्या अर्ध्यावर छाटतात, उरलेली जुनी पाने हाताने काढून टाकतात, मग खुरप्याने माती हलवून शेणखत आणि पाणी. नव्या फुटीच्या टोकालाच मोगऱ्याची कळी येते, जुन्या काडीवर नाही. छाटणी न केलेल्या मोगऱ्याला पाने भरपूर आणि फुले चार, याचे कारण हेच. होळीच्या आसपास पहिल्या कळ्या दिसतात. त्या देवाला वाहायच्या आधी एक कळी बाई शेजारच्या घरातल्या मुलीच्या हातावर ठेवतात. यामागे काही शास्त्र नाही, आवड आहे.

आवाराच्या एका कोपऱ्यात त्यांनी मला नुसती माती दाखवली. तिथे भुईचाफा आहे, म्हणाल्या. हिवाळ्यात त्याची पाने पूर्ण जातात, जमिनीवर खूणही राहत नाही. नव्या माळ्याने दोनदा तिथे खणायला घेतले होते. ऊन चढू लागले की एक दिवस मातीतून थेट फूल वर येते. पान नाही, दांडी नाही. पांढरे-जांभळे, सुवासिक फूल मातीला चिकटून उमलते. पाने नंतर येतात. बर्फातून डोके काढणाऱ्या कंदफुलांची वर्णने आपण परदेशी गोष्टींत वाचतो आणि हळहळतो. भुईचाफा आपला, आपल्या मातीतला, आणि आता फार थोड्या आवारांत उरला आहे. रोपवाटिकांत तो मागून घ्यावा लागतो. मागा. कंद एकदा लावला की वर्षानुवर्षे राहतो.

गॅलरीवाल्यांनी निराश व्हायचे कारण नाही. मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. दोशींनी पिंपांत आणि पिशव्यांत फळझाडे वाढवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर स्वयंपाकातल्या ओल्या कचऱ्याच्या मातीत बाग उभी राहिली. दोशींना प्रेरणा होती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांची. गणिताचे प्राध्यापक असलेल्या दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, आणि त्यातून तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवरच्या बागवाल्यांपर्यंत माणसे जोडली. त्यांचा आग्रह एकच होता: आपल्या रोपाकडे स्वतः बघा, जे दिसले ते मांडा, आणि दुसऱ्याला सांगा. पदवीची गरज नाही.

मला या लेखात जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. मी ज्यांना ज्यांना भेटले, त्या सगळ्यांनी न विचारता सांगितले की हल्ली सगळे लवकर येते. मोगरा लवकर, बहावा लवकर, उकाडा तर फारच लवकर. उकाड्याबद्दल त्यांचे म्हणणे मोजमापाशी जुळते. भारतीय हवामान विभागाच्या 1901 पासूनच्या नोंदींत देशातल्या सरासरी कमाल तापमानानुसार फेब्रुवारी 2023 तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि सरासरी तापमानाचा तसाच उच्चांक 2025 च्या फेब्रुवारीने केला. त्या महिन्याच्या अखेरीस मुंबईचा पारा 38 अंशांवर गेला होता. पण मोगऱ्याचे काय? तो किती दिवस आधी आला? याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. पुण्याच्या बाईंनी शिक्षकी सवयीने सगळे लिहून ठेवले होते, पण भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर: दुधाचा हिशेब, गॅस आला ती तारीख, आणि त्याच चौकटीत ‘पहिला मोगरा’. दर जानेवारीत जुने कॅलेंडर रद्दीत गेले. अशी किती घरांतली किती वर्षे गेली असतील याचा विचार केला की वाईट वाटते.

इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. 1736 पासून तो आपल्या आवारातल्या वसंताच्या खुणा तारखांनिशी लिहू लागला: पहिले स्नोड्रॉप फूल केव्हा, पहिले पान कोणत्या झाडाला, पहिला पाकोळी पक्षी कधी, बेडूक कधी ओरडले. अशा 27 खुणा. त्याच्यामागे त्याच्या वंशजांनी ही वही 1958 पर्यंत चालवली. हवामान बदलले की झाडे काय करतात हे समजून घेताना शास्त्रज्ञ आज ती वही उघडतात. लिहिणाऱ्याला बागेचे प्रेम होते आणि चिकाटी होती, बाकी काही नाही. आपल्याकडे ‘सीझनवॉच’ हा उपक्रम असेच काम करतो. कोणीही एक झाड निवडायचे, दर आठवड्याला कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, फळे यांची ‘नाही, थोडी, पुष्कळ’ अशी नोंद करायची. केरळमधल्या शाळकरी मुलांनी यात मोठा वाटा उचलला आहे. एप्रिलच्या मध्यात येणाऱ्या विषूच्या सणाला बहाव्याची फुले लागतात. त्यांच्या नोंदींत बहावा सणाच्या कितीतरी आधी फुललेला दिसतो. आपल्या कडुलिंबाचा फुलोरा गुढीपाडव्याला गूळ-ओव्याबरोबर खायचा असतो. तो पाडव्याला असतो का, आधीच गळून जातो, हे आपण सांगू शकायला हवे.

एक काळजी घ्यायची. तिथीने नोंद केली तर घोळ होतो. वसंत पंचमी 2024 मध्ये 14 फेब्रुवारीला होती, 2025 मध्ये 2 फेब्रुवारीला आणि 2026 मध्ये 23 जानेवारीला. 2026 मध्येच अधिक ज्येष्ठ आल्यामुळे 2027 मध्ये ती 11 फेब्रुवारीला येईल. चांद्र महिना असा मागेपुढे होतो. झाड सूर्याचा दिवस, रात्रीची थंडी आणि मुळाशी असलेली ओल यांवर चालते. तेव्हा पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईचे लग्न लागते त्या वसंत पंचमीला देवाला मोहोर जरूर वाहा, चैत्रात दारापुढे चैत्रांगण काढा, महाशिवरात्रीला कवठ आणा. वहीत मात्र इंग्रजी तारीख लिहा.

बुधवार पेठेत आयुष्यभर विजेशिवाय राहिलेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांच्या वाड्याचे आवार पुष्कळांनी पाहिले असेल. शहराच्या ऐन गर्दीत झाडे, पक्षी आणि त्यांच्याकडे बघत लिहिणारी एक बाई. तितके सगळ्यांना जमणार नाही, जमायची गरजही नाही. एका झाडापुरते जमते.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा कार्तिक लागत असेल. आंब्याची पावसाळ्यातली पालवी जून होत आली असेल, शेवंती कळ्यांवर असेल, कढीपत्ता अजून हिरवा असेल. माघाला अवकाश आहे, पण वहीला आजच सुरुवात करता येते. एक झाड ठरवा. आवारातले, गॅलरीतले, नाहीतर रोज ज्याखालून जाता ते रस्त्याकडेचे. झाडाचे नाव, जागा, तारीख, आणि काय दिसले ते लिहा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. काही फुटलेले नसेल तर ‘काही नाही’ असे लिहा, कारण पहिला कोंब कोणत्या आठवड्यात आला हे त्या रिकाम्या नोंदींमुळेच ठरते. वही कोऱ्या पानांची, बांधलेली घ्या. आणि ती रद्दीत देऊ नका.